मुहोली यांच्या सेल्फ-पोर्ट्रेटमधला वाढवलेला काळेपणा पटतो का?

करडी_छटा (धागाकर्ता):
छायाचित्रकार झानेले मुहोली (जन्म १९७२, उमलाझी, डर्बन) यांची ‘फेसेस अँड फेझेस’ ही मालिका २००६ पासून चालू आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स व्यक्तींची पाचशेहून जास्त कृष्णधवल पोर्ट्रेट, नजर थेट लेन्समध्ये, सोबत नाव, ठिकाण, साल. १९९६ च्या राज्यघटनेने लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी घातली, तरी या लोकांवर बलात्कार होतात, खून पडतात. तिथे ही पोर्ट्रेट म्हणजे पुरावा आहे. २०१२ पासूनच्या ‘सोमन्यामा न्गोन्यामा’त मात्र मुहोली स्वतःचे फोटो काढतात आणि नंतर कॉन्ट्रास्ट चढवून त्वचा आहे त्याहून काळी करतात. मला हे पटत नाही. टोन (गडद-फिकटपणा) हलवला की पुरावा डळमळतो.

स्पॉट_मीटर:
साफ असहमत. मुळात ‘आहे तसा’ टोन कुठला धरायचा? कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्यावर आणतो. गडद चेहऱ्यावर स्पॉट रीडिंग (फक्त तेवढ्या जागेचं मोजमाप) घेऊन तेच एक्स्पोजर दिलं तर त्वचा फिकट येते, एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप उतरणं म्हणजे प्रकाश निम्मा करणं) उतरावं लागतं. मागे पांढरी भिंत असताना अख्ख्या फ्रेमचं रीडिंग घ्या, चेहरा काजळून जातो. आणि ‘बेस्टर १’ (मायोट, २०१५) नीट बघा. केसांत आणि कानांत कपड्यांचे चिमटे, ओठ पांढरे. मुहोलींच्या आईचं नाव बेस्टर, ती दुसऱ्यांच्या घरी राबली, तिच्यासाठीचं हे चित्र आहे. त्वचेचा टोन खाली गेल्यामुळेच डोळे आणि चिमटे अंगावर येतात.

करडी_छटा:
एक्स्पोजर सावरणं वेगळं, कर्व्ह ओढणं (नंतर एडिटिंगमध्ये टोन बदलणं) वेगळं. ‘फेसेस अँड फेझेस’ भिंतीवर लावताना मध्ये रिकाम्या जागा सोडतात: काही आता मालिकेत नसलेल्यांच्या, काही अजून काढायच्या पोर्ट्रेटच्या. तो परिणाम कुठल्याही कर्व्हने येणार नाही.

बरायटा:
दोघंही स्क्रीनवर बघून भांडताय. असं चित्र मॅट (चमक नसलेल्या) कागदावर छापलं की काळा रंग उथळ पडतो, गालाची कड आणि केस एकच डाग होतात. बरायटा कागदावर (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) काळा खोल जातो आणि गडद भागातला तपशील सुटा राहतो. आधी टेस्ट स्ट्रिप (छोटी चाचणी प्रिंट) काढायची, सावलीत केस वेगळे दिसेपर्यंत तेवढाच भाग उजळायचा, हायलाइटला (सर्वांत उजळ भागाला) हात लावायचा नाही. फोनवर हे कळतच नाही. पण करडी_छटा, पुराव्याची अट सेल्फ-पोर्ट्रेटला लावू नका. स्वतःचा चेहरा किती काळा दाखवायचा, हे मुहोलींनीच ठरवायचं.

करडी_छटा:
हक्क त्यांचाच, मान्य. माझी पसंती तरीही २००६ च्या मालिकेलाच.