नोटीस आली म्हणून लगेच तडजोड नको
एकांनी लिहिलंय की पेशंट दगावल्यावर नातेवाइकांची हलगर्जीची नोटीस आली की छोट्या नर्सिंग होमने पैसे देऊन मिटवावं. मला हे अजिबात पटत नाही. पेशंट दगावला म्हणजे हलगर्जी झालीच, असं कायदा मानत नाही. डॉक्टरांच्या हलगर्जीबद्दलच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय.

पण बचाव उभा राहतो तो केसपेपरवर. मी घाटकोपरला ज्या नर्सिंग होमचं काम बघते, तिथल्या रात्रपाळीच्या सिस्टरने एका केसमध्ये दर तासाचं बीपी, नाडी, डॉक्टरांना केलेल्या फोनची वेळ, सगळं लिहून ठेवलं होतं. वकिलांचं निम्मं काम तिनेच केलं. नंतर बसून कागद 'नीट' करायचा मोह मात्र कृपा करून टाळा. खाडाखोड दिसली की खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, ते अडवू नका.

आणि तारखा सांभाळा. नातेवाईक ग्राहक आयोगात गेले तर लेखी उत्तराला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत मिळत नाही, हे २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेच सांगितलंय. आणि अशा दाव्यांसाठी विमा काढला असेल, तर नोटीस हातात पडली त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा.