एसीएल फाटला म्हणजे ऑपरेशन आलंच का?

लाल_माती (धागाकर्ता)

कबड्डीत ही दुखापत होते कशी, ते आधी बघू. चढाईपटू बोनस घेऊन मधल्या रेषेकडे वळतो, तेवढ्यात कोपरारक्षक घोटा धरतो. बुटाचा तळवा मॅटला घट्ट चिकटलेला, धड मात्र फिरलेलं. गुडघ्यात 'कट्' असा आवाज होतो आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगतो. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात रक्त साचलंय, आणि पहिला संशय एसीएलचाच. मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा हा दोर नडगीला पुढे सटकू देत नाही आणि वळताना गुडघा धरून ठेवतो.

पुढचा क्रम ठरलेला. एमआरआय, रिपोर्टवर 'कम्प्लीट टेअर' हे दोन शब्द, आणि पुढच्या आठवड्यातली ऑपरेशनची तारीख. माझा विरोध या घाईला आहे, ऑपरेशनला नाही.

स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं. उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दुखणं, हालचाल, खेळ यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, पाच वर्षांनीही नव्हता. व्यायामगटातल्या साधारण निम्म्या लोकांचं ऑपरेशन पाच वर्षांत झालं, पण उरलेल्या निम्म्यांना ते लागलंच नाही. ते निम्मे कोण, हे पहिल्या आठवड्याचा एमआरआय सांगू शकत नाही. तीन महिन्यांचा नेटका व्यायाम पुष्कळसं सांगतो. म्हणून कुलूपबंद गुडघा (आत अडकून सरळच न होणारा) किंवा दुसरी गंभीर इजा नसेल, तर आधी तीन महिने व्यायाम आणि मग निर्णय, असं माझं ठाम मत आहे.

दुर्बीण

लाल_माती, अभ्यास बरोबर सांगितलात, पण त्यात व्यावसायिक पातळीचे खेळाडू घेतलेच नव्हते. धाग्याची सुरुवात चढाईपटूपासून केलीत आणि आधार मात्र दुसऱ्याच लोकांचा घेतलात.

२०२२ साली ब्रिटनमधला ३१६ जणांचा अभ्यास आला. दुखापत जुनी होऊनही गुडघा सटकत राहिलेली ही माणसं. तिथे दीड वर्षानंतर ऑपरेशनचा गट सरस ठरला. म्हणजे ताज्या दुखापतीत थांबायला वाव आहे, पण गुडघा दगा द्यायला लागल्यावर नुसता व्यायाम रेटण्यात अर्थ नाही.

आता 'सटकणं' म्हणजे आत काय होतं? नडगी क्षणभर पुढे घसरते आणि परत जागेवर येते. या घसरण्यात मेनिस्कस, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती, चिरडली जाते. आतल्या बाजूच्या गादीचा मागचा भाग सगळ्यात आधी जातो. आज शिवता येणारी चीर चार-सहा वेळा सटकल्यावर चिंधी होते, मग कापण्यावाचून इलाज उरत नाही. गादी कापलेल्या गुडघ्याची झीज लवकर सुरू होते. एसीएल नवा बसवता येतो, गादी तशी सहज नवी मिळत नाही. वयाच्या विशीत असलेल्या आणि पुन्हा चढाई करायचीच असलेल्या मुलाला 'तीन महिने बघू' असं सांगताना त्या तीन महिन्यांत तो मैदानावर उतरणार नाही याची हमी कोण देतं?

लाल_माती

तीन महिने थांबायचं म्हणजे खेळायचं नाही, हे लिहायला हवं होतं. वळणं, उड्या, झटापट पूर्ण बंद. सायकल आणि सरळ रेषेतलं चालणं चालेल. या काळात गुडघा एकदाही खरोखर सटकला तर मुदत संपायची वाट न बघता सर्जनकडे जायचं, हेही मान्य.

तालुका_क्रीडा

तुम्ही दोघंही असं धरून चालला आहात की 'व्यायाम' नावाची वस्तू गावात मिळते. प्रत्यक्षात काय मिळतं ते सांगतो. क्रेप बँडेज, गोळ्या, 'पाय हलवू नका' हा सल्ला आणि हाडवैद्याचं तेलमालिश. सहा आठवड्यांनी सूज उतरते, मुलगा बरा झालो म्हणून मैदानात येतो आणि पहिल्याच वळणाला बसतो. याला कोणी 'ऑपरेशनशिवाय उपचार' म्हणत असेल तर तो उपचारच नव्हता. फिजिओथेरपिस्ट पन्नास किलोमीटरवर आहे. तेव्हा घरी काय करायचं, किती वेळा आणि कशावरून कळेल, ते लिहा. नाहीतर ही चर्चा शहरापुरतीच राहील.

लाल_माती

रास्त मागणी. मात्र आधी कोणाकडून तरी एकदा तपासून घ्या. ताज्या सुजेत स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे लॅकमन तपासणी फसते. गुडघा २०-३० अंश वाकवून, मांडी एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात ती ही तपासणी. दहा दिवसांनी पुन्हा केली की बरंच स्पष्ट होतं.

पहिलं काम गुडघा पूर्ण सरळ करणं. टाचेखाली घट्ट गुंडाळलेली चादर ठेवायची, गुडघ्याखाली काही नाही, आणि दहा मिनिटं तसंच पडायचं, दिवसातून चार वेळा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला फार बरं वाटतं, पण नेमकी तीच सवय गुडघा वाकडा ठेवते. सोबत मांडीचा पुढचा स्नायू आवळून वाटी वर ओढायची, पाच सेकंद धरायची. दहा-दहाचे सहा-सात फेरे. सूज असताना मेंदू या स्नायूला आदेश देताना हात आखडता घेतो, म्हणून हे कंटाळवाणं काम आधी. सरळ पाय उचलताना गुडघा जराही न वाकता दहा वेळा उचलला गेला की कुबड्या सोडायच्या.

त्यानंतर भिंतीला पाठ लावून अर्ध्यावर बसणं, पायरी चढणं-उतरणं, एका पायावर खुर्चीतून उठणं, कमरेतून वाकून वजन उचलणं. आठवड्यातून तीन दिवस, ८ ते १२ चे तीन संच. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. वीस सहज होत असतील तर वजन वाढवा, दप्तरात विटा भरल्या तरी चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदलं काम जास्त झालं. एक पायरी मागे या, बंद करू नका.

वाटी

यादी चांगली आहे, पण थांबण्याचा सल्ला कोणाला द्यायचाच नाही ते ठळक हवं.

गुडघा अडकलाय, शेवटचे वीस-तीस अंश सरळच होत नाहीत आणि दाबलं तर आत काहीतरी आडवं आल्यासारखं वाटतं? गादीचा फाटका भाग बादलीच्या कडीसारखा उलटून मध्ये आलेला असू शकतो. तिथे टाचेखाली चादर ठेवून जोर लावायचा नाही, काही आठवड्यांच्या आत शिवून घ्यायचं. बाहेरच्या बाजूचे बंध तुटलेत आणि पाऊल वर उचलता येत नाही? बाजूची नस ताणली गेलीय. हे बंध पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच चांगले जुळवता येतात.

आणि दुचाकीच्या अपघातात गुडघा निखळून आपोआप जागेवर बसला असेल तर पावलाची नाडी आधी. गुडघ्यामागची रक्तवाहिनी फाटली असेल तर हातात तासच असतात. पाऊल गार किंवा फिकट पडलं की एमआरआयच्या रांगेत थांबू नका.

दुचाकीवरून पडून नडगी पुढून आपटली तर बहुधा पीसीएल (नडगीला मागे सटकू न देणारा आतला बंध) जातो, एसीएल नाही. पाय ९० अंशात ठेवून बाजूने बघा, नडगी मागे खचलेली दिसते. एकटा पीसीएलच गेला असेल तर पुष्कळदा ऑपरेशनशिवाय निभतं, पण झोपताना पोटरीखाली आधार हवा, आणि मांडीच्या मागच्या स्नायूचे व्यायाम सुरुवातीला बंद, कारण ते नडगी आणखी मागे ओढतात. आतल्या बाजूचा बंध, एमसीएल, त्याहून सोशिक. त्याला रक्तपुरवठा चांगला, बिजागरीच्या ब्रेसमध्ये चार-सहा आठवड्यांत बहुतेक भरून येतो. बाजारातल्या लवचीक नी-कॅपने यातलं काहीही होत नाही.

दुर्बीण

वाटी यांच्याशी पूर्ण सहमत. आता ऑपरेशन ठरलंच तर ग्राफ्टवर, म्हणजे एसीएलच्या जागी बसवायच्या कंडऱ्यावर बोलू, कारण इथे खेळाडू काहीच विचारत नाही.

कबड्डीसाठी मी हॅमस्ट्रिंगपेक्षा (मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा) गुडघ्याच्या वाटीचा पुढचा कंडरा सुचवेन. दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असल्याने तो हाडात पाडलेल्या बोगद्यात लवकर जमतो. हॅमस्ट्रिंग घडी घालून ८ मिलिमीटरपेक्षा बारीक निघाला तर पुन्हा तुटण्याची भीती वाढते, आणि चढाईपटूला धावायला तोच स्नायू लागतो.

तालुका_क्रीडा

आणि गुडघे टेकवायचे कसे? वाटीच्या कंडऱ्यातून ग्राफ्ट काढला की पुढे टेकताना दुखतं, काहींचं ते वर्षानुवर्षं राहतं. पकड करणारा बचावपटू गुडघ्यांवरच खेळतो. घरी देवापुढे किंवा नमाजाला बसणं, शेतात खुरपणी, सगळं गुडघ्यांवर. एकच ग्राफ्ट सगळ्यांना लावू नका. घोट्याच्या बाहेरून जाणारा पेरोनियस लाँगसचा कंडराही आपल्याकडे आता बरेच सर्जन वापरतात, तो जाड निघतो.

दुर्बीण

बचावपटूपुरतं म्हणणं पटलं. पण घोट्याचा कंडरा बचावपटूलाही विचार करूनच द्यायचा, तोल सावरायला तो लागतो. ग्राफ्टपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे बोगदा मूळ बंधाच्या जागी पाडला का. जागा चुकली तर ग्राफ्ट कोणताही असो, वळताना गुडघा सटकतच राहतो. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेची प्रत मागून घ्या, पुन्हा तुटला तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

लाल_माती

माझा शेवटचा मुद्दा, आणि इथे दुर्बीण यांच्याशी भांडण नसावं. ऑपरेशननंतर सहा महिन्यांत खेळायला सोडणं बंद व्हावं. ग्राफ्ट बसवल्याच्या दिवशी मजबूत असतो, मग शरीर त्याला आपलंसं करताना तो मऊ पडतो. सहा ते बारा आठवडे सगळ्यात नाजूक, आणि नेमकं तेव्हाच दुखणं संपल्याने मुलगा धावू बघतो. नॉर्वेच्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं.

दुर्बीण

नुसता महिना मोजूनही सोडू नका. मांडीची ताकद आणि एका पायाच्या उडीचं अंतर दुसऱ्या पायाच्या ९० टक्के तरी हवं. यात एक फसगत आहे: चांगला पायही वर्षभर बसून कमजोर झालेला असतो, त्याच्याशी बरोबरी म्हणजे कमजोराशी बरोबरी. म्हणून चांगल्या पायाचे आकडे ऑपरेशनआधीच लिहून ठेवा. ऑपरेशनला आधी व्यायामाची जोड हवी हे मी मानतो, पण सहा आठवडे पुरेत. सूज उतरली, गुडघा सरळ झाला, मांडी जागी झाली की चढाईपटूला आणखी थांबवण्यात मला फायदा दिसत नाही.

लाल_माती

मला दिसतो. सहा आठवड्यांत गुडघा शांत होतो, पण वळताना धरतो की नाही हे जड व्यायाम सुरू झाल्याशिवाय कळत नाही, आणि तो टप्पा सहाव्या आठवड्यानंतरच येतो.

खाटेवरचा

गुडघा पूर्ण सरळ झाला हे घरी कसं ओळखायचं? दिसायला तर दोन्ही सारखेच वाटतात.

वाटी

खाटेवर पालथं झोपा. दोन्ही मांड्या खाटेवर, वाट्या काठाच्या किंचित बाहेर, नडग्या हवेत सैल. दोन मिनिटं तसंच राहा आणि मागून कोणाला तरी दोन्ही टाचांची उंची बघायला सांगा. दुखऱ्या पायाची टाच वर राहिली तर पट्टीने फरक मोजा. साधारण एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश. तीनपेक्षा जास्त फरक असेल तर अजून वाकडाच आहे. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यात व्यायाम करूनही हा फरक हटत नसेल आणि सरळ करताना पुढून काही अडतंय असं वाटत असेल, तर ग्राफ्टपुढे वाढलेली गाठ असू शकते. ती दुर्बिणीतून काढावी लागते.