पिकअपला जॅक नेमका कुठे लावायचा? चाक काढल्यावर गाडी घसरली

कांदेवाला_निफाड
राम राम मंडळी. घरची बोलेरो पिकअप आहे. आपलाच कांदा-टोमॅटो, मधूनमधून भाडं. परवा पिंपळगावहून रिकामी येताना मागचं डावं चाक बसलं. रहदारी होती म्हणून डांबर सोडून शेताच्या कडेला घेतली. जॅक चासीला लावला, चाकाच्या थोडा पुढे. जॅक पूर्ण वर आला, हौदाही वर आला, पण टायर जमिनीलाच चिकटलेला! मग जॅकखाली दोन विटा घातल्या आणि परत उचलली. चाक काढून बाजूला ठेवलं, स्टेपनी आणायला वळलो आणि गाडी हातभर पुढे सरकून धाडकन खाली आली. ब्रेकचा ड्रम मातीत. हात-पाय शाबूत आहेत, पण रात्री झोप नाही लागली.

तीन गोष्टी सांगा. जॅक चासीला लावायचा की अ‍ॅक्सलला? नवीन जॅक कोणता घेऊ (दोन-अडीच हजारांत)? आणि ड्रमचं काही बिघडलं असेल का?

जुना_पाना
आधी एक सांगा भाऊ, हँडब्रेक ओढला होता का?

कांदेवाला_निफाड
खरं सांगतो, हँडब्रेक ढिला आहे. म्हणून फर्स्ट गिअरमध्ये टाकली होती. चाकाला दगड नव्हता.

जुना_पाना
मग गाडी का सरकली ते कळलं. गिअरमध्ये टाकली की गाडी हलत नाही, हे दोन्ही मागची चाकं जमिनीवर असतात तेव्हाच खरं. साध्या डिफरन्शियलमध्ये (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गिअरांचा गोळा, जो इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटतो) एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल पुढे जातं. गिअरबॉक्स जागच्या जागी, गाडी चालली. तुमचं एक चाक तर काढलेलंच होतं, नुसता ड्रम गरगर फिरला असणार. हँडब्रेकचं तसं नाही, तो दोन्ही ड्रममध्ये वेगवेगळा धरतो, म्हणून जमिनीवरचं चाक अडतं. (जुन्या विलीज जीपला हँडब्रेक चाकात नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी गिअरपेटी) मागे, शाफ्टवर असायचा. तिथे मागचं चाक उचललं की हँडब्रेकही गिअरइतकाच बिनकामाचा. त्या गाडीखाली मी एकदा अडकता अडकता वाचलोय, म्हणून लक्षात आहे.) तेव्हा मागचं चाक उचलताना पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. हँडब्रेक आजच आवळून घ्या, बाकीचं नंतर.

आता जॅकची जागा. मागे कमानपाटे (एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि सरळ अ‍ॅक्सल आहे. चासी उचलली की आधी पाटे मोकळे होतात, अ‍ॅक्सल खाली लोंबकळत राहतो, चाक काही सुटत नाही. पाटे पूर्ण उतरले की मगच टायर उठायला लागतो. म्हणजे चाक दोन बोटं उचलायला चासी वीतभर उचलावी लागते. तेवढा जॅक लांब झाला की त्याच्या डोक्यावर गाडी डुलते, आणि तुम्ही वर विटाही घातल्या. वीट जॅकखाली कधीच नको. ती दबत नाही, एकदम फुटते.

मागे अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावा, पाट्याच्या जवळ, जे चाक काढायचं त्याच बाजूला. पाटे बसलेलेच राहतात, दोन इंच उचललं की काम झालं. लावायच्या आधी हात फिरवून बघा: अ‍ॅक्सलवरून ब्रेकची नळी गेलेली असते, ती जॅकच्या डोक्यात यायला नको. शॉकअपच्या खालच्या कानाखालीही लावायचा नाही, तो कान वाकतो. मधल्या गोळ्याखाली लावायचा मोह होतो, पण त्याचं मागचं झाकण पत्र्याचं असेल तर चेपतं आणि तेल गळायला लागतं. शिवाय मधून उचलली की दोन्ही चाकं हवेत, मग हँडब्रेक काय धरणार?

घाटातला_राजा
आम्ही कसाऱ्यात वीस वर्षं चासीलाच लावतो, काही होत नाही. उगाच घाबरवू नका.

जुना_पाना
राजे, चासी मजबूत आहे, ती तुटेल असं मी म्हटलं नाही. गॅरेजात मीही गाडी चासीवर टेकवतो, पण चारही बाजूंनी घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावून, सपाट कोब्यावर. पाट्याचं काम करायचं असेल तर तसंच करावं लागतं. रस्त्याच्या कडेला एका जॅकवर, चाक काढलेलं, ही वेगळी गोष्ट. आणि तुमच्याकडे जॅक मोठा असणार, ह्यांच्याकडे गाडीबरोबरचा आहे.

घाटातला_राजा
जॅक दहा टनी आहे, ते खरं.

मळ्याची_चाबी
मी टाटा एस चालवते, रोज दूध. माझ्याकडून एकच: जमीन. आपल्याकडची काळी माती वरून कोरडी दिसते, पण जॅकचं बूड तीन इंचांचं, ते सरळ आत जातं. आणि एका बाजूनेच जातं, म्हणून जॅक कलतो. मी शीटमागे दीड फुटाची जाड फळी ठेवते, बाभळीची. मे महिन्यात दुपारी डांबरावर पण हीच फळी, कारण तेही मऊ झालेलं असतं. उतारावर तर उचलूच नका. पंक्चर टायरवर हळूहळू शंभर फूट जाऊन सपाट जागा गाठली तर टायर खराब होईल, पण टायरच ना.

आणि स्टेपनी आधी काढून ठेवायची हो दादा! नंतर नाही. माझे सासरे ती स्टेपनी चासीखाली आडवी सरकवतात. जॅक सुटलाच तर गाडी टायरवर बसते, माणसावर नाही. स्टेपनी बसवताना तिथे काढलेलं चाक सरकवायचं.

कांदेवाला_निफाड
ताई, हे स्टेपनीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचं चाक बसलं तर?

जुना_पाना
पुढे वाकून बघा. दोन प्रकार असतात. टाटा एससारखा सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे असतील तर मागच्यासारखंच, पाट्याजवळ अ‍ॅक्सलखाली. पण आयसुझू डी-मॅक्स किंवा हायलक्ससारखे दोन्ही बाजूंना वेगवेगळे आर्म असतील, तर धरायला अ‍ॅक्सलच नाही. तिथे चाकामागे चासीची जागा ठरलेली असते, पुस्तकात चित्र असतं. हँडब्रेक मागे असल्यामुळे पुढचं चाक उचलताना तो धरतो, तरी मागच्या चाकांना दगड लावाच. स्टिअरिंगची दांडी, ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी, यांना जॅक दाखवायचासुद्धा नाही.

डेट्रॉइटचा_पाहुणा
मूळचा सिन्नरचा, आता मिशिगनमध्ये. इथे घरोघरी पिकअप, माझी एफ-150. तत्त्व तेच, मागे अ‍ॅक्सल, पुढे फ्रेम. 2015 पासून हिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, खालची फ्रेम मात्र पोलादीच. त्यामुळे दाराखालच्या कडेला जॅक लावला तर कपाळाला हात लावायची वेळ. मोटारीला तिथेच लावायची सवय असते ना, तीच पिकअपला नडते.

घोड्या घेणार असाल तर एक गोष्ट. 2020 मध्ये इथे एका मोठ्या दुकानाने लाखो जॅक स्टँड परत मागवले, कारण खटक्याचा दात सुटून स्टँड अचानक खाली येत होता. बदली दिलेल्यांपैकीही काहींचं वेल्डिंग कच्चं निघालं. तेव्हापासून मी पिनवाले स्टँड वापरतो. नळीत आरपार जाड पिन, डोळ्यांना दिसते. आणि गाडीखाली जायच्या आधी हाताने ढकलून बघतो. हलली तर तेव्हाच हललेली बरी.

जुना_पाना
पिनवाली घोडी चांगलीच. गावात लोहारही करून देईल, पण पिन टणक पोलादाची हवी, सळईचा तुकडा नको.

जॅकचं राहिलं. बाटली जॅक घ्या, हायड्रॉलिक. हिशोब असा: तुमची भरलेली गाडी तीन टनांच्या आसपास धरा, त्यातलं दोन टन मागे, म्हणजे एका बाजूला टनभर. दोन टनीने भागेल असं वाटतं, पण गाडी कलली की भार एकीकडे येतो आणि जुना जॅक तेल सोडतो. पाच टनी घ्या. फक्त मोठा जॅक मिटलेला असतानाही उंच असतो, आणि पंक्चर झालं की अ‍ॅक्सल खाली आलेला असतो. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी मागच्या एका टायरची हवा पूर्ण सोडा आणि जमिनीपासून अ‍ॅक्सलपर्यंत टेपने मोजा. जॅकची मिटलेली उंची, अधिक ताईंची फळी, एवढं त्यात बसायला हवं. नाही बसलं तर पंक्चर चाक दुसऱ्या एका फळीवर चढवायचं आणि मग जॅक सरकवायचा. बाटली जॅक उभाच राहायला हवा, तिरका लावलात तर दांडा घासून तेलसील जातं.

आणि नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे. हवेत गाडी असताना पान्यावर पाय देणारे मी पाहिलेत.

ड्रमचं: चाक हाताने फिरवून बघा, घासल्याचा आवाज येतो का. मागची पत्र्याची प्लेट वाकली असेल तर ती ड्रमला लागते. ब्रेकची नळी आणि नटाचे बोल्टही तपासा. वीस-तीस मिनिटांचं काम आहे, पण हे सगळं गॅरेजात करून घ्या, स्वतः नका करू.

कांदेवाला_निफाड
सगळ्यांचे आभार. आज गॅरेजात नेली. प्लेट एका बाजूने चेपली होती, ठोकून सरळ केली. नळी ठीक आहे. एका बोल्टचे आटे गेलेले, तो बदलला. हँडब्रेकची केबल ताणून मिळाली. हवा सोडून मोजलं: अ‍ॅक्सलखाली साडेआठ इंच. दुकानातला पाच टनी मिटलेला आठ इंच, म्हणजे फळी घातली की बसत नाही. दुसरी फळी करायला टाकली आहे. मिस्त्रीकडून अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाच्या पट्ट्याही मारून घेतल्या, रात्री बॅटरीत दिसाव्यात म्हणून.

मळ्याची_चाबी
फळी बाभळीचीच ना?

कांदेवाला_निफाड
चिंचेची मिळाली. चालेल का?

मळ्याची_चाबी
चालेल. फक्त गाठ नसलेली बघा, आणि दर पावसाळ्यानंतर चीर गेली का ते बघत जा.