'कॅरी' आज नव्याने करायचा झाला तर काय बदलाल, कशाला हात लावणार नाही?

रीळवेडा

स्पॉयलर भरपूर आहेत, बघितला नसेल तर आधी बघून या.

गोष्ट थोडक्यात: शाळेत छळ होणारी, घरी धर्मवेड्या आईच्या धाकात वाढलेली कॅरी, तिला नुसत्या मनाने वस्तू हलवता येतात, आणि प्रॉममध्ये (शाळेच्या मोठ्या डान्स पार्टीत) अंगावर रक्त ओतून अपमान झाल्यावर ती सगळ्यांवर उलटते. १९७६चा ब्रायन डी पाल्माचा 'कॅरी' आणि २०१३चा किंबर्ली पीअर्सचा, दोन्ही पाठोपाठ बघितले आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. दुसरा वाईट अजिबात नाहीये, क्लोई ग्रेस मोरेट्झने मन लावून काम केलंय, ज्युलिअन मूर आईच्या रोलमध्ये भारी आहे, काळाप्रमाणे बदलही केलेत, म्हणजे शॉवरमध्ये कॅरीला पहिल्यांदा पाळी येते तेव्हा मुली तिचं मोबाईलवर शूटिंग करतात, नेटवर टाकतात आणि पुढे प्रॉममध्ये अंगावर रक्त ओतल्यावर तोच व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लागतो. कल्पना चांगली आहे. तरी भीती वाटत नाही. वाईट वाटतं, संताप येतो, पण भीती म्हणाल तर नाही.

मला वाटतं आजचा प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून कॅरीच्या बाजूने असतो, बुलिंग काय असतं हे त्याला समजावून सांगायला नको. त्यामुळे ती प्रॉमच्या हॉलचे दरवाजे बंद करते तेव्हा आपण मनातल्या मनात टाळ्या वाजवायला लागतो. सूडाचा पिक्चर म्हणून ठीक आहे हो, पण मग हॉरर कुठे गेला?

तर प्रश्न असा की तिच्याबद्दल माया पण वाटली पाहिजे आणि तिची धडकी पण भरली पाहिजे, हे आज जमवायचं कसं? नुसते मोबाईल घुसवून होत नाही हे दिसलंच.

रात्रपाळी

जिमच्या मॅडमचं काय होतं ते दोन्ही पिक्चरमध्ये शेजारी शेजारी ठेवून बघ.

१९७६मध्ये मिस कॉलिन्स ही अख्ख्या शाळेत कॅरीच्या बाजूने उभी राहणारी एकमेव मोठी व्यक्ती आहे. प्रिन्सिपलला तर मुलीचं नाव पण धड माहीत नाही, तो तिला सारखा 'कॅसी' म्हणतो. रक्त पडल्यावर कॅरीच्या डोक्यात आईचं वाक्य घुमायला लागतं की सगळे तुला हसणार, आणि तिला समोर तेच दिसतं, सगळे चेहरे गरगर फिरतायत आणि हसतायत, कॉलिन्स पण हसतेय. खरं तर हॉलमधले बरेच जण सुन्न होऊन उभे आहेत. पण कॅरीला दिसलं ते दिसलं, आणि ती कॉलिन्सला पण मारते. मला आजही त्या क्षणी पोटात गोळा येतो.

२०१३मध्ये त्याच मॅडमला कॅरी स्वतः उचलून बाजूला करते आणि वाचवते. शेवटी सूला, म्हणजे कॅरीला छळल्याचा पस्तावा झालेल्या तिच्या वर्गातल्या मुलीला, पण घराबाहेर ढकलून वाचवते. म्हणजे तिचा नेम चुकतच नाही, ज्यांनी केलं त्यांनाच नेमकं भोगायला लागतं. असं झालं की ती सुपरहिरो होते, तिला घाबरायचं कशाला! त्यात ते हात हवेत फिरवून वस्तू उडवणं. १९७६ची कॅरी, सिसी स्पेसेक, नुसती ताठ उभी राहते, डोळे विस्फारलेले, मान झटक्यात वळते, आणि स्क्रीनच्या दोन भागांत एकीकडे तिचा चेहरा तर दुसरीकडे ती जिथे बघतेय तिथे काय होतंय ते. ती फक्त बघते एवढंच पुरतं.

तेव्हा बाकी वाट्टेल ते बदला पण निरपराध माणूस मेलाच पाहिजे.

जुनी_वाचक

रात्रपाळी यांच्याशी सहमत, फक्त मी मूळ कादंबरीकडे जाईन. १९७४ची, स्टीफन किंगची छापून आलेली पहिली कादंबरी. तिची रचनाच वेगळी आहे, मध्येमध्ये चौकशी आयोगाचे जबाब येतात, बातम्यांची कात्रणं येतात, घटनेवर नंतर लिहिलेल्या पुस्तकांतले उतारे येतात, सू स्नेलच्या आठवणी येतात. म्हणजे फार मोठं काहीतरी घडलंय आणि कितीतरी माणसं मेलीत हे आपल्याला अगदी लवकर कळतं आणि मग आपण ती पोरगी ड्रेस शिवताना वाचतो. तिथे जी भीती वाटते ती मला पिक्चरमध्ये कधीच मिळाली नाही. शिवाय पुस्तकात ती प्रॉमवर थांबत नाही, गाव उद्ध्वस्त करते.

आज हीच रचना पडद्यावर आणता येईल. मोबाईलचा उपयोग छळापुरता कशाला? त्या रात्री हॉलमधल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता ना, मग नंतर चौकशीत ते तुकडे एकेक करून लावा. कुणाच्या क्लिपमध्ये कॅरी हसताना दिसते, कुणाच्यात फक्त छत आणि किंचाळ्या. इतकं सगळं रेकॉर्ड होऊनही तिच्या डोक्यात त्या क्षणी काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. फक्त अख्खा पिक्चर हलत्या कॅमेऱ्याचा करू नका प्लीज, अर्ध्या तासात डोकं दुखतं.

बर्चचं_झाड

मी थोडं वेगळं बोलतो. नव्याने मांडणं कशाला म्हणतात ते बघायचं तर स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 'द व्हर्जिन स्प्रिंग' (१९६०) घ्या. एका जुन्या स्वीडिश लोकगीतावरचा पिक्चर, मुलीवर अत्याचार करून तिला मारणारे नकळत तिच्याच आईबापाच्या घरी आसऱ्याला येतात. वेस क्रेव्हनने १९७२मध्ये तीच गोष्ट अमेरिकेत नेऊन 'द लास्ट हाऊस ऑन द लेफ्ट' केला. देव गेला, चर्च गेलं, तरी गोष्टीचं हाड तेच. आणि २००९मध्ये त्याचा पण रिमेक आला.

आता रात्रपाळींचा मुद्दा इथे लावा. बर्गमनच्या पिक्चरमध्ये मुलीला मारणाऱ्या त्या दोन मेंढपाळांबरोबर एक लहान पोरगा आहे, त्याने अत्याचारात काही केलेलं नाही. बाप त्या दोघांना मारतो आणि संतापाच्या भरात त्या पोरालाही उचलून भिंतीवर आपटतो. मग स्वतःच्या हातांकडे बघतो. २००९मध्ये काय केलं? मुलगी जिवंत राहते आणि गुंडाचा पोरगा चांगला निघतो, तोही वाचतो. आईबाप फक्त वाईटांना मारतात. बघताना जोश येतो, बाहेर पडल्यावर काही उरत नाही.

सरळ_बोलतो

सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून विरोध नोंदवतो. १९७६ आणि आज यात मोठा फरक आहे. १९९९च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर अमेरिकेत शाळेत छळ झालेल्या मुलाने शाळेतल्या मुलांना मारणं ही गोष्ट कल्पनेतली राहिलेली नाही. खुद्द किंगने 'रेज' नावाची त्याची कादंबरी, जिच्यात विद्यार्थी शाळेत बंदूक घेऊन येतो, ती पुन्हा छापणं बंद केलं कारण तिचा संबंध खऱ्या घटनांशी यायला लागला होता. अशा वेळी 'निरपराध मेलेच पाहिजेत' हे इतक्या सहज बोलू नका. ज्याच्या घरचं कुणी असं गेलंय तो पण प्रेक्षकच आहे.

रीळवेडा

@सरळ_बोलतो, मुद्दा गंभीर आहे आणि मी तो बाजूला टाकणार नाही. पण मला तर वाटतं त्याच कारणासाठी रात्रपाळींचं म्हणणं जास्त पटतं. सूड बरोबर मापात घेतलेला दाखवला तर आपण मारणाऱ्याच्या पाठीवर थाप देतो. मेलेल्यांमध्ये एखादी ओळखीची मुलगी असेल, अर्ध्या तासापूर्वी जिने कॅरीच्या ड्रेसचं मनापासून कौतुक केलं होतं, खुर्ची सरकवून जागा करून दिली होती, तर टाळी वाजवायला हात वर जाणार नाही. म्हणजे प्रॉमच्या आधीचा वेळ फक्त कॅरी आणि तिला छळणाऱ्या क्रिसला न देता त्या हॉलमधल्या चार-पाच साध्या मुलांना द्यायचा, त्यांची नावं आपल्याला पाठ झाली पाहिजेत. मारामारी कमी दाखवली तरी चालेल.

अनु_क्र

आईबद्दल कुणीच बोललं नाही! १९७६च्या पिक्चरसाठी आई झालेली पायपर लॉरी आणि स्पेसेक दोघींना ऑस्करचं नामांकन होतं. आजच्या पिक्चरमध्ये या आईला, मार्गारेटला, धर्मवेडी बाई म्हणून मोडीत काढणं फार सोपं आहे, पण नीट बघितलं तर ती सांगते तेच घडतं, ती म्हणते हसतील आणि मुलीला शेवटी तसंच दिसतं. घरी परत आल्यावर कॅरी आईला मिठी मारते, कारण जगात आईच खरी निघाली, आणि आई त्याच मिठीत पाठीत सुरा खुपसते. माझ्या मते सगळ्यात भयंकर सीन हाच. आईचं प्रेम शंभर टक्के खरं दाखवा, ती मुलीला रात्री केस विंचरून देणारी आई असू दे, मग बघा.

रात्रपाळी

@अनु_क्र हे आवडलं.

शेवटाचं पण बोलूया. कबरीतून हात येतो तो सीन त्या काळी लोकांना खुर्चीतून उडवून गेला, सूची चाल विचित्र वाटावी म्हणून तिला उलटं चालायला लावून रीळ उलटी फिरवली होती, मागे एक गाडी रिव्हर्समध्ये जाताना पण दिसते. पण त्यानंतर शेवटी दचकवायची पद्धतच पडून गेली, आज प्रेक्षक त्याची वाटच बघत बसतो. मी तो काढून टाकेन आणि जुनी_वाचक म्हणतात तसं चौकशीवर संपवेन. २०१३मध्ये सूची कोर्टातली साक्ष आहे पण ती झटपट उरकलीय आणि त्यात ती कॅरीची बाजू मांडते. मला उलट हवंय. सूला विचारा की तुझ्या बॉयफ्रेंडला, टॉमीला, कॅरीबरोबर प्रॉमला जायला तू का सांगितलंस, तुला तिचं भलं करायचं होतं की स्वतःला बरं वाटून घ्यायचं होतं? आणि तिला उत्तर देता येऊ नये. कुणाला हा शेवट पटत नसेल तर सांगा, मी यावर भांडायला तयार आहे.