बाइटबफरचा स्लाइस घेतला की आकडे उलटे वाचले जातात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जावामध्ये एका उपकरणाची बायनरी फाइल वाचतोय. आकडे लिटल एंडियन (सर्वात कमी किमतीचा बाइट आधी) आहेत, म्हणजे १००० हा हेक्समध्ये ई८ ०३ ०० ०० असा येतो. बाइटबफर (बाइट ठेवून त्यातून आकडे वाचायचा जावाचा क्लास) मुळात बिग एंडियन (सर्वात जास्त किमतीचा बाइट आधी), म्हणून चार बाइटचा पूर्णांक वाचणाऱ्या गेटइंटने -४०२४५६५७६ दिलं. ऑर्डर (बाइटचा क्रम) बदलल्यावर नीट १००० आलं. पण प्रत्येक रेकॉर्डसाठी स्लाइस (बफरचा एक तुकडा) घेतला की नवा बफर परत बिग एंडियन! दरवेळी ऑर्डर लावायची म्हटलं तर एखादी जागा हमखास सुटणार, आणि चूक कुठे झाली ते पटकन कळतही नाही. तुम्ही हे कसं सांभाळता? स्लाइस टाळून गेटइंटला सरळ ऑफसेट (बफरमधली जागा) द्यावा का?

शिवाय रेकॉर्डच्या लांबीचे दोन बाइट अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेले) आहेत, ३२७६७ च्या पुढे दोन बाइट वाचणारा गेटशॉर्ट ऋण आकडा देतो. तिथे तो आकडा धन करून देणारं टूअनसाइन्डइंट पुरेल ना?