मदत हवी आहे : मिशिगनमधील टाउनशिपचा कारभार, मालमत्ता कर आणि रस्त्याची जबाबदारी

नमस्कार मंडळी,

आम्ही गेल्या वर्षी मिशिगनमधील एका चार्टर टाउनशिपमध्ये (येथील ग्रामपंचायतीसारखी स्थानिक शासनसंस्था) घर विकत घेतले. त्याआधी शहरात भाड्याने राहत असल्यामुळे स्थानिक प्रशासनाशी आमचा संबंध कचरा आणि पार्किंग यांपलीकडे कधी आला नव्हता. आता मात्र काही प्रश्न उभे राहिले आहेत आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणाचे दार ठोठवायचे, हेच नीट कळत नाही.

टाउनशिपच्या संकेतस्थळावरून एवढे समजले की, मंडळात सात जण असतात: सुपरवायझर, क्लार्क, ट्रेझरर आणि चार ट्रस्टी. हे सर्व जण चार वर्षांसाठी निवडून येतात. आपल्याकडे ग्रामपंचायतीत सरपंच निवडून आलेला आणि ग्रामसेवक शासनाचा नोकर, अशी सरळ विभागणी असते. येथे दप्तर सांभाळणारा क्लार्क आणि करवसुली करणारा ट्रेझरर हेही निवडून आलेले असून त्यांना मंडळात मताचा अधिकार आहे, हे मला नवीन होते.

पहिला प्रश्न कराचा. फेब्रुवारीत आलेल्या आकारणीच्या नोटिशीत आमची टॅक्सेबल व्हॅल्यू (ज्या मूल्यावर कर मोजला जातो ते) एकदम वाढलेली दिसते. शेजारचे घर त्याच बिल्डरने त्याच वर्षी बांधलेले, क्षेत्रफळही जवळपास तेवढेच. तरीही त्यांचा कर आमच्यापेक्षा बराच कमी आहे. ही आकारणीतली चूक समजून हरकत घ्यावी काय?

दुसरा प्रश्न रस्त्याचा. घरासमोरच्या रस्त्यावर एवढे खड्डे पडले आहेत की, पाऊस पडला की टपालपेटीपर्यंत चालत जाणेही कठीण होते. टाउनशिपच्या कार्यालयाने काउंटीकडे (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा घटक) बोट दाखवले आणि काउंटीकडून यंदाच्या कामांच्या यादीत हा रस्ता नसल्याचे उत्तर आले. एवढा कर भरूनही या रस्त्याला कोणी वाली नाही, असे कसे?

शेवटचे म्हणजे, आम्ही एच-१बी व्हिसावर असल्याने मतदार नाही. मंडळाच्या सभेत आम्हाला बोलता येते काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तुमच्या करवाढीचे कारण बहुधा चुकीत नसून कायद्यातच आहे. १९९४ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझल ए’नुसार, मालक तोच असेपर्यंत टॅक्सेबल व्हॅल्यू दर वर्षी महागाईच्या दराने किंवा ५ टक्क्यांनी, यांपैकी जे कमी असेल तेवढीच वाढू शकते, नवे बांधकाम केल्यास त्याची भर वेगळी पडते. घर विकले गेले की पुढच्या वर्षी ही मर्यादा उठते आणि टॅक्सेबल व्हॅल्यू थेट बाजारमूल्याच्या निम्म्या पातळीवर जाते. याला येथे ‘अनकॅपिंग’ म्हणतात. शेजारी पंधरा-वीस वर्षे त्याच घरात असतील, तर त्यांचा आकडा अजून त्या मर्यादेखाली दबलेला आहे. माझ्या मते ही पद्धत नव्या खरेदीदारावर अन्याय करणारी आहे, परंतु तो टाउनशिपच्या हातातला विषय नाही.

तरीही हरकत घेण्यासारखे काही आहे का, हे जरूर पाहा. असेसरच्या (मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयातून तुमच्या घराचे प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड मागून घ्या आणि त्यावरचे क्षेत्रफळ, स्नानगृहांची संख्या, तळघराचे काम पूर्ण झालेले दाखवले आहे की नाही, हे स्वतः ताडून बघा. नसलेले स्नानगृह किंवा अपुरे तळघर पूर्ण म्हणून नोंदलेले असेल, तर तो ठोस मुद्दा ठरतो. तुम्ही दिलेली किंमत म्हणजेच बाजारमूल्य असे कायदा आपोआप धरत नाही, म्हणून आसपासच्या तुलनीय विक्रींची माहितीही सोबत ठेवा. हरकत मार्चमध्ये बसणाऱ्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूपुढे मांडावी लागते. राहत्या घराच्या मूल्याबद्दल तेथे न जाता पुढे थेट टॅक्स ट्रिब्युनलकडे (राज्याच्या कर न्यायाधिकरणाकडे) जाता येत नाही, त्यामुळे नोटिशीवर छापलेली तारीख चुकवू नका. ट्रिब्युनलकडे अर्ज करण्याची मुदत ३१ जुलै असते.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. नोटिशीवर प्रिन्सिपल रेसिडन्स एक्झेम्प्शन (मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी करसवलत) १०० टक्के दिसते का? ते शून्य असेल, तर शाळांच्या चालू खर्चासाठीचा १८ मिलपर्यंतचा कर तुमच्यावर लागतो. एक मिल म्हणजे टॅक्सेबल व्हॅल्यूच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर, यावरून फरकाचा अंदाज येईल.

रस्त्याबाबत दोन्ही कार्यालयांनी तुम्हाला तांत्रिकदृष्ट्या खरेच सांगितले. १९३१ च्या मॅकनिट कायद्याने मिशिगनमधील टाउनशिपचे रस्ते काउंटीकडे गेले. खासगी रस्ता असेल तर तो घरमालक संघटनेचा. तुम्ही ट्रेझररकडे भरता त्या रकमेतला मोठा भाग शाळा, काउंटी आणि राज्य यांच्याकडे जातो, टाउनशिपकडे थोडाच उरतो. मात्र अनेक टाउनशिप आपल्या पैशातून काउंटीला रस्त्यांसाठी वाटा देतात. दुसरा मार्ग म्हणजे रस्त्यालगतच्या मालकांनी सह्यांचा अर्ज करून स्पेशल असेसमेंट डिस्ट्रिक्ट (कामाचा खर्च लाभ मिळणाऱ्या मालकांकडूनच वसूल करण्यासाठी आखलेला विभाग) मागणे. पण मग खर्च तुम्हा सर्वांच्याच बिलात येतो, हे शेजाऱ्यांना सह्यांपूर्वी स्पष्ट सांगा.

सभेत बोलण्यासाठी मतदार असण्याची अट नाही. १९७६ च्या ओपन मीटिंग्ज कायद्याने कोणालाही सभेस बसण्याचा आणि मंडळाच्या नियमांनुसार बोलण्याचा हक्क दिलेला आहे.

मूळ धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. नोटिशीवर एक्झेम्प्शन १०० टक्केच आहे, त्यामुळे आता रेकॉर्ड कार्ड मागवतो. रस्त्यासाठी टाउनशिपने वाटा द्यावा, असे म्हणायचे असल्यास ते कोणत्या सभेत म्हणणे योग्य ठरेल?

प्रतिसाद

अर्थसंकल्पाच्या जाहीर सुनावणीत. ती घेणे मंडळाला कायद्याने बंधनकारक आहे आणि तारीख क्लार्कच्या कार्यालयात मिळते. नेहमीच्या सभेत नागरिकांच्या वेळात मंडळ बहुधा फक्त ऐकून घेते, लगेच उत्तर देत नाही, म्हणून अनेक जण निराश होऊन परततात. त्यापेक्षा सुनावणीच्या काही आठवडे आधी एखाद्या ट्रस्टीला ईमेलने रस्त्याची छायाचित्रे आणि काउंटीचे उत्तर पाठवा. काउंटीला गेल्या काही वर्षांत किती वाटा दिला, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारता येते. त्याला पाच कामकाजाच्या दिवसांत प्रतिसाद द्यावा लागतो, मात्र मुदतवाढ घेण्याची मुभा त्यांना असते. तो आकडा हाताशी ठेवून बोललात, तर मंडळाला नुसते ‘पाहू’ म्हणून विषय टाळणे अवघड जाईल.