लहान तळ्यांवर मासेमारीसाठी हवेची बोट: व्हिनाइल की जाड पीव्हीसी?

काठावरचा_गळ
दोघांसाठी हवेची बोट बघतोय. दोघांचं वजन मिळून 150 किलो, शिवाय चार रॉड, सामानाचा डबा आणि जाळी. पाणी 3 ते 6 मीटर खोल, बऱ्याच ठिकाणी बुडालेल्या झाडांचे खुंट. बोट गाडीच्या डिकीत मावायला हवी. सध्या वल्ह्यांवर भागवू, पुढे छोटी इलेक्ट्रिक मोटर लावायची आहे. ‘तीन माणसांची’ म्हणून विकली जाणारी पातळ व्हिनाइलची बोट पुरेल का? तळ हवेचा घ्यावा की पट्ट्यांचा? उभं राहून गळ टाकता आला तर फारच बरं.

वल्हेवाला
‘तीन माणसांची’ यावर जाऊ नका. तो आकडा बोट किती वजन पेलते त्यावरून येतो, रॉड हातात घेऊन किती जण बसू शकतील त्यावरून नव्हे. माहितीपत्रकात आतली लांबी-रुंदी शोधा. 230 सेंमी लांबीच्या बोटीत दोन्ही बाजूंच्या ट्यूबांनी जागा खाल्ली की आत जेमतेम 150 बाय 60 सेंमी उरतं. एकट्याला ऐसपैस, दोघांना गुडघ्याला गुडघा. तुम्हाला 270च्या आसपास हवी. वजनाचं म्हणाल तर माणसं, सामान, बॅटरी, मोटर सगळं धरून लिहिलेल्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाच्या आत राहा.

आता कापड. साधं व्हिनाइल म्हणजे आत विणकाम नसलेला प्लास्टिकचा पत्रा. दाब वाढला की ते ताणतं, आणि ताण सगळ्यात आधी जोडावर येतो. म्हणून त्यात हवा कमीच भरावी लागते, बोट मऊ राहते आणि वल्हं मारलं की मधे वाकते. जाड पीव्हीसीच्या आत पॉलिस्टरचं विणकाम असतं. 0.9 मिमी कापडाच्या ट्यूबेत साधारण 0.2 ते 0.25 बार दाब भरतात, त्यामुळे बोट ताठ राहते आणि सरळ जाते. व्हिनाइलला खुंटाचं टोक लागलं तर भोकावर न थांबता चीर पुढे पळू शकते, विणकाम असलं की ती सहसा तिथेच अडते. खुंटांच्या पाण्यात माझं मत स्पष्ट आहे: पीव्हीसीच. हवेचे कप्पे किमान तीन असावेत, म्हणजे एक गेला तरी काठ गाठता येतो.

हायपेलॉन (कृत्रिम रबराचा थर दिलेलं कापड) आणखी टिकाऊ, पण ते रोज उन्हात आणि खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या बोटींसाठी. तुम्हाला गरज नाही.

खोलपाणी
वरच्याशी सहमत, फक्त तळाबद्दल जोडतो. लाकडी पट्ट्यांचा तळ हलका, गुंडाळून ठेवता येतो, पण त्यावर उभं राहिलं की पायाखाली लाटा उठतात. उभं राहायचं असेल तर दोनच पर्याय: प्लायवूड किंवा अॅल्युमिनियमचे जोडफलक, नाहीतर ड्रॉप-स्टिच हवेचा तळ. ड्रॉप-स्टिचमध्ये वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी बांधलेला असतो, म्हणून 0.5 ते 0.7 बार भरता येतो आणि तो फळीसारखा कडक होतो. ‘हवेचा तळ’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो नळ्यांचा गादीसारखा प्रकार असू शकतो. विचारून घ्या.

तरीही एका वेळी एकानेच उभं राहायचं, तेही मध्यभागी. लाइफ जॅकेट अंगात, बोटीत ठेवलेलं नव्हे. पोहता येत नसेल तर 100 न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याचा जोर) घ्या. 50 न्यूटनचं पोहणाऱ्यासाठी असतं, ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवेल याची खात्री नसते.

काठावरचा_गळ
जाड पीव्हीसी पक्की. एक शंका. काठावर टणक भरलेली बोट पाण्यात गेल्यावर थोड्या वेळात ढिली पडते असं ऐकलंय. ही गळती समजायची का?

वल्हेवाला
बहुतेक वेळा नाही. 40 अंशांची हवा 0.25 बारला भरली आणि पाण्यावर ती 25 अंशांवर आली, तर गेजवर 0.19च उरतं. दहा मिनिटं पाण्यावर ठेवा, मग वरून थोडी भरा. उलटं जास्त घातक: सकाळच्या गारव्यात पूर्ण भरलेली बोट दुपारी काठावर उन्हात पडली तर दाब मर्यादेबाहेर जातो. जेवायला बसताना पाण्यात किंवा सावलीत ठेवा, नाहीतर हवा थोडी सोडा. गेज नसलेला पंप घेऊच नका.

भरताना सगळे कप्पे आधी अर्धे, मग क्रमाने पूर्ण. एकच कप्पा आधी टम्म केला तर मधला पडदा ताणतो.

बॅटरीबाबा
मोटर लावायची तर मागे पक्की लाकडी फळी असलेलीच बोट घ्या. वरून अडकवायची नळ्यांची चौकट डगमगते. या आकाराला 12 व्होल्टची, 30 ते 40 पौंड जोराची मोटर भरपूर झाली. 30 पौंडवाली पूर्ण वेगात साधारण 30 अँपिअर खाते. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे 100 अँपिअर-तासाच्या बॅटरीतून हिशेबाने 50च मिळतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर वजन निम्म्याहून कमी.

नेहमीची चूक वजनाची: मोटर, बॅटरी आणि चालवणारा तिघंही मागे, म्हणून नाक वर आणि वारा लागला की बोट गरगरते. बॅटरी पुढे बांधा, जाड वायर ओढा आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवा.

नांगर 2 ते 3 किलोचा, दोर खोलीच्या तिप्पट. टोकदार घडीचा नांगर खुंटात अडकतो आणि बोटीत आला की ट्यूब टोचतो, त्यापेक्षा छत्रीच्या आकाराचा, रबर लावलेला बरा. वाऱ्यात नांगर नेहमी पुढून सोडा. मागून सोडला तर मागच्या फळीवरून पाणी आत येतं.

खोलपाणी
पॅचचं सामान बोटीबरोबरच घ्या. सायकलचं सोल्युशन पीव्हीसीवर धरत नाही, पॉलियुरेथेनचा दोन भागांचा गोंद लागतो. भोक साबणाच्या पाण्याने शोधा, हवा काढा, जागा कोरडी करून अॅसिटोनने पुसा. पॅच भोकाच्या चारी बाजूंना 4-5 सेंमी मोठा, कोपरे गोल कापलेले. दोन्हीकडे गोंदाचे दोन पातळ थर. दुसरा थर बोटाला चिकटसर लागला पण बोटावर आला नाही, की पॅच दाबायचा. 24 तास हवा भरायची नाही.

भोकं गळाने पडतात त्याहून जास्त माशांच्या काट्यांनी. शिंगाळा किंवा तिलापिया ट्यूबेवर टेकवू नका, जाळीसकट तळावरच्या जाड रबरी चटईवर घ्या. आणि घडी घालण्याआधी ट्यूब आणि तळ यांच्या खाचेतली वाळू धुऊन काढा. घडीत राहिलेली वाळू कापडाला आतल्या आत घासत राहते, आणि खाचेतलं भोक बुजवणं सगळ्यात अवघड.